सीजीपीए ८.६ आहे, तरी मुलाखतीत अडकतो: व्यवहारज्ञान कुठल्या विद्यापीठात मिळतं?

प्रश्न विचारणारा मुलगा खानापूर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बेळगावात व्हीटीयूच्या (कर्नाटकातल्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाच्या) एका कॉलेजातून मेकॅनिकल, सीजीपीए ८.६. तीन ठिकाणी मुलाखतीत अडकला. त्याचा आतेभाऊ गडहिंग्लजचा. शिवाजी विद्यापीठाचा बी.कॉम., दोन विषय राहून राहून सुटले. तो आज शिरोली एमआयडीसीत कटिंग टूल विकतो आणि चांगलं कमावतो. घरात रोज तुलना होते, "तुझ्याकडे मार्क आहेत, अक्कल नाही." प्रश्न असा: महाराष्ट्राच्या विद्यापीठातली मुलं व्यवहाराला पक्की आणि व्हीटीयूची मुलं पाठांतराला, हे खरं का? आणि आता एम.टेक. करावं, पुण्याला जावं, की काय?

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कास्टिंग आणि मशिनिंगच्या कारखान्यात क्वालिटी विभाग सांभाळते. नवीन पदवीधर निवडणं आणि पहिलं वर्ष त्यांना हाताखाली घेऊन शिकवणं हे माझ्या कामात येतं. व्हीटीयू, शिवाजी विद्यापीठ, गोवा, धारवाड, सगळीकडची मुलं पाहिली आहेत. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी तुमचा खरा प्रश्न बाजूला काढू. विद्यापीठाचं नाव त्यात वरवरचं आहे. तुम्हाला बोचतंय ते हे, की चार वर्षं प्रामाणिकपणे अभ्यास केला त्याची किंमत कुणी करत नाही आणि न केलेल्याची होते. या दुखण्यावर "पुस्तकी ज्ञान काही कामाचं नाही" हे औषध तुम्हाला पुष्कळ लोक देतील. ते घेऊ नका. ते खोटं आहे, आणि तुमच्यासारख्या मुलाचं त्याने नुकसान होतं.

विद्यापीठाचं आधी संपवते. बेळगावचं लिंगराज कॉलेज १९३३ सालचं. सुरुवातीला ते मुंबई विद्यापीठाखाली होतं, मग धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली आलं, आणि २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ निघाल्यावर तिकडे गेलं. कॉलेज तेच, गाव तेच, प्रमाणपत्रावरचं नाव दोनदा बदललं. नाव बदललं म्हणून तिथल्या मुलांचं डोकं किंवा व्यवहार बदलला असं कोण म्हणेल? व्हीटीयू तर १९९८ पासून राज्यभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना डिग्री देतं. त्यात जुनी, नावाजलेली कॉलेजं आहेत आणि प्रयोगशाळेत लेथ नावापुरता ठेवलेली कॉलेजंही आहेत. काही स्वायत्त आहेत, ती आपले पेपर आपण काढतात. "व्हीटीयूचा मुलगा" एवढ्यावरून मला काहीच कळत नाही. कुठलं कॉलेज, कुठले मास्तर, प्रोजेक्ट स्वतः केला की विकत आणला, सुट्टीत काय केलं, हे विचारल्यावर थोडं कळतं.

तरी नावाला काहीच किंमत नाही असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेत स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच कुवतीच्या मुलांपैकी काही मोठ्या नावाच्या कॉलेजात गेली, काहींनी प्रवेश मिळूनही साधं कॉलेज घेतलं. पुढच्या कमाईत त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. अपवाद होता गरीब घरच्या मुलांचा, त्यांना मोठ्या कॉलेजचा फायदा झाला. देश वेगळा, पण हा अपवाद मला आपल्याकडेही पटतो. ज्याच्या घरात कुणीच कारखान्याची पायरी चढलेलं नाही, त्याच्यासाठी कॉलेज म्हणजे ओळखीचं पहिलं दार. चांगल्या कॉलेजात कंपन्या स्वतः येतात. साध्या कॉलेजातल्या मुलाला दार स्वतः ठोठवावं लागतं, आणि ते कसं ठोठवायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता आतेभाऊ. तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात: त्याच्या वडिलांचं गडहिंग्लजला किराणा दुकान आहे. उत्तराचा मोठा भाग तिथेच आहे. तो मुलगा सहावी-सातवीपासून गल्ल्यावर बसला असणार. उधारी कुणाला द्यायची, वसुलीला कधी जायचं, गिऱ्हाईक खरंच घेणार आहे की नुसता भाव विचारतंय, हे त्याने वर्षानुवर्षं पाहिलं. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे, पण हा विषय तिथेही शिकवत नाहीत. त्याचं कौशल्य खरं आहे, कष्टाचं आहे. फक्त ते विद्यापीठाचं नाही, आणि जन्मजात अकलेचंही नाही.

यावर चांगलं संशोधन झालंय. ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात बाजारात नारळ, भाजी विकणाऱ्या पोरांची गणितं १९८५ साली तपासली गेली. गिऱ्हाईक बनून हिशेब विचारला तेव्हा ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. त्याच पोरांना तशीच गणितं नुसत्या आकड्यांत दिली तेव्हा ३७ टक्क्यांवर आली. २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारातल्या मुलांवर असंच काम प्रसिद्ध केलं. बाजारात काम करणारी मुलं अवघड हिशेब तोंडी करत होती, पण शाळेच्या पद्धतीच्या गणितात अडत होती. आणि शाळेत जाणारी, बाजारात कधी न बसलेली मुलं बाजारातल्या हिशेबात अडत होती. म्हणजे कमतरता दोन्हीकडे सारखीच. जिथे शिकलं तिथेच ते चालतं, दुसरीकडे आपोआप जात नाही. कुणीतरी हाताला धरून न्यावं लागतं.

तुमच्या घरी ज्याला अक्कल म्हणतात, ती मला कारखान्यात अशी दिसते: कुठली माहिती कुणाकडे आहे, ती तो का सांगत नाही, आणि काय केलं तर सांगेल, हे ओळखणं. एक प्रसंग सांगते, म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र कशा लागतात ते दिसेल.

आमच्याकडे बीडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा, एक जॉब (मशीनवर करायचा भाग) होता, १०० मिलिमीटरचा बोअर म्हणजे आतलं गोल भोक, एच७ टॉलरन्स. म्हणजे बोअर बरोबर १०० पासून वर ३५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालतो, खाली अजिबात नाही. गिऱ्हाइकाकडून लॉट परत आला, बोअर लहान भरतोय म्हणून. आमच्या रिपोर्टात सगळे जॉब पास. त्या वर्षी दोन नवीन पदवीधर हाताखाली होते. मुलगी बेळगावच्याच कॉलेजातली, पहिल्या नंबरात असणारी. मुलगा चिकोडीकडचा, डिप्लोमा करून डिग्रीला आलेला, मार्क बेताचे.

मुलीने बोअर गेजचं कॅलिब्रेशन तपासलं, ते ठीक होतं. मग तिने आमची मापं आणि गिऱ्हाइकाची मापं शेजारी शेजारी मांडली. फरक विस्कळीत नव्हता. जवळजवळ प्रत्येक जॉबला वीसेक मायक्रॉन, आणि एकाच बाजूला. ती म्हणाली, मॅडम, हे तापमान असणार. बीड एका अंशाला मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन वाढतं. जॉब खोलीपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर १०० मिलिमीटरला २२ मायक्रॉन. आकडा चपखल बसला. पण आमच्या कागदावर तर जॉब थंड करून मापल्याचं लिहिलेलं होतं, आणि विचारलं तर सगळे ऑपरेटर तेच सांगत होते.

मुलगा दुसऱ्या पाळीला थांबला. त्याने कुणाची चौकशी केली नाही. लोकांबरोबर डबा खाल्ला, चहा प्यायला, पाळी सुटताना शेजारी उभा राहिला. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की शेवटच्या दोन तासांतले जॉब मशीनवरून उतरले की लगेच मापले जातात. बीड कोरडंच कापतात, जॉब हाताला चांगलाच गरम लागतो. थंड व्हायला ठेवला तर तो त्या पाळीच्या आकड्यात धरत नाहीत, दुसऱ्या पाळीच्या नावावर जातो. मग कोण थांबेल?

मुलीचा हिशेब नसता तर "लोक निष्काळजी आहेत" म्हणून आम्ही नोटीस लावून मोकळे झालो असतो. मुलगा नसता तर हिशेब बरोबर असूनही कारण कधीच हाती लागलं नसतं. उपायही दोघांचा मिळून निघाला. जॉब खोलीच्या तापमानाला येईपर्यंत टेबलावर ठेवायचा हा नियम तिचा. टेबलावरचे जॉब ज्याने केले त्याच्याच पाळीच्या आकड्यात धरायचे हा नियम त्याचा. दुसरा नियम नसता तर पहिला आठवडाभरसुद्धा टिकला नसता.

त्याच्या पुढचंही सांगायला हवं, कारण लोक गोष्ट इथेच थांबवतात. काही महिन्यांनी तसाच, पण अॅल्युमिनियमचा जॉब आला. घाई होती, थंड करायला वेळ नव्हता. मुलगा म्हणाला, गरमच मापू आणि आधीसारखे वीसेक मायक्रॉन वजा करू. मुलीने थांबवलं. अॅल्युमिनियम बीडाच्या दुपटीने वाढतं, त्याच वीस अंशांना ४६ मायक्रॉन होतात. अनुभवातून मिळालेला आकडा त्याच्याकडे होता. तो आकडा कुठून आला हे त्याच्याकडे नव्हतं. काम बदललं की असा आकडा दगा देतो.

आता माझं मत. दोन्ही लागतं असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. बावीस वर्षांच्या मुलाकडे एकच असेल, तर पाया पक्का असलेला मुलगा मी आधी घेईन. माणसांशी बोलणं, मशीनजवळ उभं राहणं, चलन वाचणं, भाव समजणं हे वर्ष-दीड वर्षात येतं, तशी संधी आणि शिकवणारं माणूस मिळालं तर. पण ज्याने चार वर्षांत बल, उष्णता, मटेरियल यांचा विचार करायची सवयच लावली नाही, त्याला तिशीत संसार आणि हप्ते सांभाळून ती लावणं फार जड जातं. अशी बोलकी, चपळ माणसं मी पहिली दोन-तीन वर्षं झपाट्याने वर जाताना पाहिली आहेत, आणि नंतर तिथेच अडकलेलीही. तुमच्याकडे अवघड भाग आहे. राहिलेला भाग सोपा आहे. मात्र तो आपोआप येत नाही, त्यासाठी हातपाय हलवावे लागतात.

हे सगळीकडे सारखं नाही, तेही मान्य करते. हत्तरगीला विमानाचे सुटे भाग होतात, तिथे प्रत्येक पायरीची नोंद आणि काटेकोरपणा आधी बघतात. तुमच्यासारख्या मुलाला ते वातावरण मानवेल. रविवार पेठेतल्या घाऊक व्यापारात किंवा निपाणीच्या तंबाखू खरेदीत सीजीपीए कुणी विचारणार नाही. तिथे पान हातात घेऊन भाव सांगणारा मोठा. विक्रीच्या कामात आतेभाऊ तुमच्यापेक्षा सरसच राहील, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. आणि एक लक्षात ठेवा, चलाखीला व्यवहारज्ञान समजू नका. न मापता रिपोर्टात आकडे भरणारा मुलगा सुरुवातीला सगळ्यांना फार हुशार वाटतो. क्वालिटीत असा माणूस मला एक दिवस नको.

मुलाखतीकडे येते. तुम्ही लिहिलंय, "उत्तर येत असतं पण बोलता येत नाही." हा अकलेचा दोष नाही, भाषेचा आहे. सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या मुलांचं हे नेहमीचं दुखणं आहे. दहावीपर्यंत विचार मराठीत, मग एकदम सगळी पुस्तकं इंग्रजीत. पेपर लिहिण्यापुरतं इंग्रजी येतं, पण विचार करता करता बोलण्याचं येत नाही. समोरच्याला वाटतं पोरगा गोंधळलाय. यावर दोन गोष्टी करा. इथल्या कारखान्यात मुलाखत असेल तर सरळ विचारा, "सर, हे मी मराठीत किंवा हिंदीत समजावलं तर चालेल का?" मी तर ते आवडीने ऐकते, कारण पुढे त्याला ऑपरेटरशी इंग्रजीत बोलायचंच नसतं. आणि रोज एक यंत्राचा भाग समोर ठेवून त्याबद्दल पाच मिनिटं मोठ्याने इंग्रजीत बोला. भाषण पाठ करू नका. समोर दिसतंय तेच सांगा.

मी स्वतः मुलाखतीत व्याख्या विचारत नाही. पोकळी असलेलं एक रिजेक्ट कास्टिंग हातात देते आणि विचारते, काय दिसतंय? तुमच्यासारखी मुलं लगेच डोक्यात पुस्तकाचं पान शोधू लागतात आणि वस्तूकडे बघतच नाहीत. आधी बघा. पोकळीची आतली भिंत गुळगुळीत आहे की खरबरीत? गुळगुळीत आणि गोलसर असेल तर बहुतेक वायू अडकलाय: वाळूत ओल जास्त, कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) नीट सुकलेला नाही, नाहीतर हवा जायला वाट ठेवलेली नाही. खरबरीत असेल आणि जाड भागात असेल तर धातू आकसताना वरून रस पुरा पडला नाही, रायझरकडे, म्हणजे जादा रस साठवणाऱ्या साच्यातल्या भागाकडे, बघायचं. हे सगळं तुम्ही शिकलेला आहात. आता एवढंच वाढवा: "मी आधी मोल्डिंगवाल्या मामांना विचारेन की पाऊस सुरू झाल्यापासून हे वाढलंय का." हे वाक्य बोलणारा मुलगा मी सोडत नाही.

कन्नडबद्दलही मनापासून सांगते. आपल्या भागात हा विषय हळवा आहे. १९५६ पासूनचं दुखणं आहे, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि मराठी शाळा टिकाव्यात असं मलाही कळकळीने वाटतं. माझी मुलं मराठी शाळेतच शिकली. पण ती कन्नड वाचायला-लिहायलाही शिकली, आणि त्यामुळे त्यांची मराठी कमी झाली नाही. आमच्या शॉपमध्ये निम्मी माणसं गोकाक, बैलहोंगल, हुक्केरीकडची आहेत. त्या चिकोडीच्या मुलाला दुसऱ्या पाळीने आपलं मानलं त्यात त्याच्या कन्नडचा मोठा वाटा होता. तुम्ही खानापूरचे, बाजारात आणि एसटी स्टँडवर कामापुरतं कन्नड तुम्हाला येतच असेल. मराठी, कन्नड, हिंदी आणि ड्रॉइंग वाचण्यापुरतं इंग्रजी, हे चारही असलेला सुपरवायझर पुण्याहून आणायचा म्हटला तर मिळत नाही. बायोडेटात ही गोष्ट शेवटच्या ओळीत कोंबू नका, वर लिहा.

आता काय करायचं. व्हीटीयूच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची आहे, पण तुम्ही ती खरी केली की कागदापुरती, ते तुम्हालाच माहीत. कागदापुरती असेल तर आता खरी करा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली पदवीधरांना वर्षभराची उमेदवारी मिळते, स्टायपेंडही मिळतो. मच्छे, उद्यमबाग, होनगा, कुठल्याही मध्यम आकाराच्या कारखान्यात चौकशी करा. फार मोठी कंपनी पहिल्या वर्षी नको. तिथे तुम्हाला एका टेबलाशी बांधतील. तीस-चाळीस माणसांच्या कारखान्यात कच्चा माल उतरण्यापासून गिऱ्हाइकाची तक्रार येईपर्यंत सगळं डोळ्यासमोर घडतं, आणि मालक स्वतः ओरडतो, त्यातूनही शिकायला मिळतं. तिथे एक काम ठरवून करा: एका जॉबची खरी किंमत स्वतः काढा. मशीनचा तासाचा दर, इन्सर्ट (टूलला लावायचं कापणारं पातं) किती जॉबला पुरते, रिजेक्शन, वाहतूक, आणि पैसे नव्वद दिवसांनी येणार असतील तर त्याचं व्याज. हे एकदा स्वतः केलं की मालक आणि तुम्ही एका भाषेत बोलू लागता.

आतेभावाशी मनात अढी ठेवू नका. सुट्टी काढून दोन-चार दिवस त्याच्याबरोबर शिरोली, गोकुळ शिरगावला फिरा. तो दुकानात शिरल्यावर आधी कुणाशी बोलतो, भावाचा विषय किती वेळाने काढतो, नकार आला की काय करतो, ते नुसतं बघा. त्याच्या बदल्यात त्याला समजावून द्या की एकच इन्सर्ट बीडावर टिकते आणि स्टेनलेसवर का जळते. हे त्याला कुणी सांगितलेलं नसणार, आणि त्याच्या विक्रीला त्याचा थेट उपयोग होईल. घरातली तुलनाही त्यातून बरीच निवळेल असं मला वाटतं.

एम.टेक. डिझाइन किंवा अध्यापनात खरंच जायचं असेल तर जरूर करा, तुमचे मार्क त्याला साजेसे आहेत. मुलाखतीची भीती दोन वर्षं पुढे ढकलण्यासाठी करू नका, कारण तेव्हा त्याच मुलाखती जास्त वयाने आणि जास्त अपेक्षांनी द्याव्या लागतील. पुणे वाईट नाही. भोसरी-चाकणला बेळगावची कितीतरी मुलं मान मिळवून आहेत. पण आज रिकाम्या हाताने गेलात तर तुमच्यासारखे ८.६ वाले तिथे रांगेत उभे दिसतील. इथे वर्षभर शॉपमध्ये काढून, एका जॉबची किंमत आणि एका रिजेक्शनचं कारण स्वतः शोधून मग जा. कुठल्या प्रकारच्या कारखान्यात उमेदवारी मिळतेय ते ठरलं की इथेच लिहा, पहिल्या महिन्यात तिथे काय काय बघायचं ते सांगेन.